दहा मीटरच्या लहरीची हकीकत

जुन्या लाकडी रेडिओची तबकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्यावरील आकडे आठवत असतील. मध्यम लहरींचा पट्टा संपला की लघुलहरींचे आकडे लागत : ४९, ४१, ३१, २५, १९, १६, १३ मीटर. रेडिओ सिलोनची गाणी ऐकणारी मंडळी २५ आणि ४१ हे आकडे पाढ्यासारखे पाठ म्हणत. पोस्टातून काढलेला रेडिओचा परवाना भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला असे, आणि घरातील वडील माणूस सोडून काट्याला हात लावण्याची कोणास मुभा नसे. काटा १३ च्या आकड्यापर्यंत जाई आणि थांबे. वाचकहो, प्रस्तुत लेखात ज्या लहरीची हकीकत सांगावयाची आहे, ती या तबकडीच्या पलीकडची आहे. तिची लांबी सुमारे दहा मीटर. तिच्यावर गाणी नव्हती, बातम्या नव्हत्या. होती ती माणसे, आपापल्या घरी यंत्र जुळवून एकमेकांशी बोलणारी. त्यांना हौशी रेडिओवाले म्हणतात. जगभर त्यांना 'हॅम' हे नाव आहे.

मी इतिहास शिकवणारा शिक्षक आहे, तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांनी पुढील चार ओळी सांभाळून घ्याव्यात. रेडिओची लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. एका सेकंदात ती जितकी कंपने करते त्या संख्येने या वेगाला भागले की एका लहरीची लांबी मिळते. सेकंदाला २ कोटी ८० लक्ष कंपने, म्हणजे २८ मेगॅहर्ट्झ, धरली तर भागाकार १०.७ मीटर येतो. २९.७ मेगॅहर्ट्झ धरली तर १०.१. या दोन आकड्यांमधील जागेला दहा मीटरचा पट्टा म्हणतात. लहर जितकी आखूड तितकी एरियलची तार आखूड. दहा मीटरसाठी सोळा-सतरा फूट तार पुरते. चाळीच्या गच्चीवर कपडे वाळत घालण्याच्या दोरीएवढी! उलट १६० मीटरच्या लहरीला अडीचशे फुटांहून अधिक तार लागते, आणि तेवढे अंगण कोणाच्या दारी असते?

आता इतिहासाकडे वळू.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बोट बुडाली. तिच्या बिनतारी यंत्राने पाठविलेल्या हाकांमुळे सातशेहून अधिक माणसे वाचली. परंतु त्या रात्री आणि नंतरच्या दिवसांत हवेत जो गोंधळ माजला होता, त्याचेही खापर फुटले. अमेरिकेत त्या वेळी हजारो तरुण घरी बिनतारी यंत्रे जुळवून आपसांत संदेश पाठवीत. त्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर नेऊन बसविले. त्या काळची समजूत अशी की, लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते. मोठ्या कंपन्या आणि आरमारे हजारो मीटरच्या लहरी वापरीत. त्यासाठी प्रचंड मनोरे आणि विजेची प्रचंड यंत्रे उभारीत. २०० मीटरच्या खालचा मुलूख ओसाड, निरुपयोगी मानला जाई. गावकुसाबाहेरची पडीक जमीन द्यावी तशी ती देण्यात आली. या पडीक जागेत त्यांचा खेळ आपोआप आटोपेल, असा तो हिशेब होता.

हिशेब चुकला. १९१४ साली हायरम पर्सी मॅक्सिम यांनी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे या मंडळींची संघटना स्थापन केली. संदेश एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला द्यावयाचा आणि देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यावयाचा, अशी तिची रीत होती. मध्यंतरी पहिले महायुद्ध आले आणि सर्वांची यंत्रे बंद झाली. ते संपल्यावर त्यांना एकच ध्यास लागला. अटलांटिक महासागर ओलांडता येईल काय?

डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकन गृहस्थ उत्तम ग्राहकयंत्र बरोबर घेऊन बोटीने स्कॉटलंडला गेला. आर्ड्रॉसन या समुद्रकाठच्या गावी त्याने तंबू ठोकला आणि खांबांवर हजार फुटांहून लांब तार ताणली. थंडी, वारा, पाऊस यांत तो रात्र रात्र कानाला यंत्र लावून बसला. आणि अमेरिकेतील हौशी केंद्रांच्या कट्ट-कड अशा खुणा त्याला स्पष्ट ऐकू आल्या. एक केंद्र नव्हे, अनेक केंद्रे. त्यांतील एक केंद्र उभारणाऱ्यांत एडविन आर्मस्ट्राँग हे पुढे जगप्रसिद्ध झालेले संशोधकही होते. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस शहरातून लेओं दलॉय यांनी सुमारे ११० मीटरवर अमेरिकेशी दुतर्फा संभाषण केले. म्हणजे २०० च्या खाली जसजसे जावे तसतशी लहर लंगडी पडावी हा नियमच खोटा ठरत होता. पडीक जमिनीत पाणी लागले होते.

यानंतरची घटना विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. लंडनच्या मिल हिल या शाळेत सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. शाळेच्या विज्ञान विभागात त्याने आपले केंद्र जुळविले होते. पृथ्वीच्या पाठीवर इंग्लंडच्या जवळ जवळ नेमकी उलट बाजू म्हणजे न्यूझीलंड. तेथे ओटागो प्रांतात शॅग व्हॅली नावाच्या जागी फ्रँक बेल हा मेंढपाळीचा धंदा करणारा शेतकरी होता. पहिल्या महायुद्धातून तो आजारी होऊन परतला होता आणि रेडिओत रमला होता. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी या शाळकरी मुलाचा आणि त्या शेतकऱ्याचा संपर्क जुळला. अंतर सुमारे १९,००० किलोमीटर. यापेक्षा दूर जाण्यास पृथ्वीवर फारशी जागाच उरत नाही! जे साधण्यासाठी सरकारे मनोऱ्यांवर खजिने रिकामे करीत होती, ते शाळेच्या एका खोलीतून झाले. फ्रँकची बहीण ब्रेंडा हिनेही पुढे ते केंद्र हाती घेतले, आणि १९२७ साली न्यूझीलंडहून दक्षिण आफ्रिकेशी पहिला संपर्क साधण्याचा मान तिला मिळाला. मुलींच्या पालकांनी ही गोष्ट नजरेआड करू नये.

गॉयडरचे पुढे काय झाले? हा मुलगा १९३६ साली आपल्या देशात आला, तो ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून. देश अवाढव्य, पैसा तुटपुंजा आणि मध्यम लहरींची केंद्रे मोजकी. अशा वेळी दूरदूरच्या प्रांतांपर्यंत आवाज पोहोचविण्यासाठी त्याने लघुलहरींचा आधार घेतला. १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे लघुलहरींची केंद्रे उभी राहिली. आपल्या वाडवडिलांनी कोकणातल्या, मराठवाड्यातल्या खेड्यांत ज्या लहरींवर बातम्या ऐकल्या, त्यांच्या मागे शाळेत असताना हौसेने केलेला हा अभ्यास होता.

लघुलहरींचे मोल कळताच कंपन्या आणि सरकारे तिकडे धावली. १९२७ साली इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामध्ये लघुलहरींची 'बीम' बिनतारी तार सेवा सुरू झाली. तिचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. रेल्वेने दौंडवरून जाताना आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असते? त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि आकाशाची वाटणी झाली. जो मुलूख हौशी मंडळींनी शोधला, त्यातला फार मोठा भाग इतरांनी घेतला. हौशींना अरुंद पट्ट्या मिळाल्या : १६०, ८०, ४०, २०, १० आणि ५ मीटर. प्रत्येक आकडा मागच्याच्या निम्मा आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. त्यामागे व्यवहार होता. ४० मीटरच्या यंत्राच्या कंपनांची दुप्पट केली की २० मीटर, पुन्हा दुप्पट केली की १० मीटर. आणि यंत्रातून चुकून जी दुप्पट-चौपट कंपने निसटतात तीही दुसऱ्याच्या शेतात न शिरता आपल्याच पट्टीत पडतात.

या वाटणीत दहा मीटरची पट्टी सर्वांत रुंद पट्ट्यांपैकी एक होती, २८ पासून ३० मेगॅहर्ट्झपर्यंत. रुंद का? कारण तिच्याबद्दल कोणाला फारसा भरवसा नव्हता. (१९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत वरची मर्यादा २९.७ करण्यात आली.) आज ऐकावे तर दक्षिण अमेरिका खणखणीत, उद्या ऐकावे तर नुसती खरखर. काही वर्षे ती दिवसभर जागी असे, तर काही वर्षे महिनोन् महिने मेल्यासारखी. हिचा स्वभाव कोणाच्या हाती? तर सूर्याच्या.

पृथ्वीपासून सुमारे ८० ते ४०० किलोमीटर उंचीवर हवा अत्यंत विरळ आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी तेथील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युतभारित थर तयार होतात. याला आयनांबर म्हणतात. १९२४ साली एडवर्ड ॲपलटन यांनी प्रयोगाने त्याचा पुरावा दिला आणि १९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी याच विषयाला आयुष्य वाहिले. लघुलहर वर जाते, या थरांत वाकते आणि हजारो किलोमीटर दूर खाली उतरते. परंतु लहर जितकी आखूड, तितका थर दाट हवा. दहा मीटरची लहर काठावर बसलेली आहे. सूर्य तापलेला असेल तर ती वाकून परत येते. नसेल तर थर भेदून अवकाशात निघून जाते आणि पुन्हा येत नाही. म्हणूनच रात्री ही पट्टी बहुधा मुकी असते.

सूर्य कमीजास्त तापतो हे तरी कोणी शोधले? जर्मनीतील देसाऊ गावचा एक औषधविक्रेता, हाइन्रिख श्वाबे. बुधाच्याही आत एखादा ग्रह आहे काय हे पाहण्यासाठी तो १८२६ पासून, आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशी, सूर्यावरील डाग मोजून वहीत टिपत राहिला. ग्रह सापडला नाही. पण सतरा वर्षांच्या नोंदींनंतर, १८४३ साली, डाग ठराविक वर्षांच्या चक्राने वाढतात व घटतात असे त्याने जाहीर केले. हे चक्र सुमारे अकरा वर्षांचे आहे. तोही हौशीच! दहा मीटरच्या पट्टीचे सगळे वेळापत्रक या औषधविक्रेत्याच्या वहीत लपलेले होते, असे म्हटले तरी चालेल.

आता या लेखातला मला सर्वांत आवडणारा भाग.

१९३५ नंतर सूर्यावरील डाग वाढू लागले, तशी दहा मीटरची पट्टी जागी झाली. जगभरचे हौशी तिच्यावर गोळा झाले. त्यांतील काहींना अधूनमधून एक चमत्कारिक आवाज ऐकू येऊ लागला. वाफ सुटावी तसा एकसारखा 'सूंऽऽ' असा आवाज. काही क्षण चढत जाई आणि ओसरे. अनेकदा त्यानंतर सर्व लघुलहरी एकाएकी बंद पडत. बहुतेकांनी काय केले असेल? यंत्रात दोष आहे म्हणून स्क्रू पिळले असतील. पण इंग्लंडमधील डेनिस हाइटमन या हौशी गृहस्थाने (त्याचा परवाना-संकेत जी-६-डी-एच) या आवाजाच्या नोंदी ठेवल्या. तो फक्त दिवसाच ऐकू येतो, सूर्यावर खळबळ असते तेव्हा ऐकू येतो, आणि म्हणून तो सूर्याकडूनच येत असावा, असा तर्क त्याने मांडला व छापूनही आणला. विद्वानांनी त्या वेळी त्याचा पाठपुरावा केला नाही.

फेब्रुवारी १९४२ मध्ये, ऐन युद्धात, ब्रिटिश सैन्याच्या रडार यंत्रांत एकाएकी जबर खरखर भरली. जर्मनांनी रडार आंधळे करण्याची युक्ती काढली, अशी धास्ती पडली. जे. एस. हे या अधिकाऱ्याकडे चौकशी आली. ठिकठिकाणच्या रडारचालकांनी सांगितलेल्या दिशा त्याने जुळवून पाहिल्या, तर सर्व दिशा सूर्याकडे! सूर्यावर त्या वेळी एक भला मोठा डाग होता. युद्धामुळे ही गोष्ट गुप्त राहिली आणि ती संपल्यावर प्रसिद्ध झाली. आज सूर्याच्या रेडिओ-लहरींचा शोध म्हणून हे यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण पुरावा त्यांनी पक्का केला. परंतु दहा मीटरच्या पट्टीवरील हौशी माणसांनी त्याआधी पाच-सहा वर्षे सूर्याचा आवाज आपल्या कानांनी ऐकला होता, हेही स्वतः ॲपलटन यांनी १९४५ साली नमूद केले.

या शास्त्राचा धागा थेट आपल्या दारापर्यंत येतो. १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी मुंबईजवळ कल्याणला ३२ लहान तबकड्यांची दुर्बीण उभारली. ती सूर्याच्या रेडिओ-लहरी टिपण्यासाठीच होती. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण झाली. सहलीसाठी तीच ती ठिकाणे निवडण्याऐवजी एखाद्या वर्षी मुलांना खोडदला न्यावे, अशी आमच्या शाळांना नम्र सूचना आहे.

असो. दुसऱ्या महायुद्धाने हौशी रेडिओ पुन्हा बंद पाडला. हिंदुस्थानात १९२१ साली कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून ही परंपरा सुरू झालेली होती. परंतु परवानेधारक मूठभर, आणि त्यांतही बरेचसे लष्करातील इंग्रज अधिकारी. १९३९ साली सर्वांना प्रेषणयंत्रे जमा करण्याचे हुकूम निघाले. १९४२ च्या आंदोलनात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन महिने गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. त्याचे यंत्र जुळविणारे नरिमन प्रिंटर हे रेडिओचे जाणकार होते. जागा बदलत बदलत चाललेले हे केंद्र अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडले गेले. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सरकारने १५ नोव्हेंबर १९४५ रोजी हौशींना परत हवेत येऊ दिले, तेव्हा लघुलहरींपैकी पहिली कोणती पट्टी खुली झाली? दहा मीटर. बाकीच्या पट्ट्यांवर अद्याप लष्कराचे काम चालू होते. चार वर्षे मुके राहिलेले लोक या एका पट्टीवर तुटून पडले. सूर्याची कृपाही नेमकी तेव्हाच चढती होती. १९४७ साली डागांचे चक्र शिखरावर पोहोचले. आणि यांतील पुष्कळजण आता कट्ट-कड करीत नव्हते, तर तोंडाने बोलत होते. बोलण्याची ती पद्धत म्हणजे ए. एम.

ए. एम. समजण्यास सोपे आहे. एक स्थिर लहर सतत सोडावयाची, तिला वाहक लहर म्हणतात. माणूस बोलला की त्याच्या आवाजाच्या चढउताराप्रमाणे या लहरीची उंची कमीजास्त करावयाची. ऐकणाऱ्याच्या यंत्रात त्या उंचीतून आवाज पुन्हा वेगळा निघतो. आकाशवाणीची मध्यम लहरींची केंद्रे याच रीतीने बोलत आली. हौशी माणूस ८०७ जातीचे दोनचार व्हॉल्व्ह, एक भक्कम ट्रान्सफॉर्मर, दाणेदार कोळशाचा मायक्रोफोन आणि युद्धानंतर भंगारात निघालेले लष्करी यंत्र एवढ्या भांडवलावर केंद्र उभे करी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत. डाख लावता येणे, तार गुंडाळता येणे आणि विजेच्या झटक्याला जपून असणे, एवढे हुन्नर अंगी असले की झाले. व्हॉल्व्हच्या यंत्रात सहाशे-सातशे व्होल्ट खेळतात, तेव्हा शेवटचे हुन्नर सर्वांत महत्त्वाचे!

१९५७-५८ साली तर कमाल झाली. सूर्यावरील डागांची नोंद ठेवण्यास लागल्यापासून एवढे मोठे शिखर कधी आले नव्हते. त्याच वेळी आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष साजरे होत होते, आणि हौशी मंडळींनीही आपल्या नोंदी शास्त्रज्ञांकडे पाठविल्या. पाच-दहा वॉटच्या, म्हणजे रात्री पेटवून ठेवण्याच्या लहान दिव्याएवढ्या शक्तीवर, मोटारीत बसून माणसे महासागरापलीकडे बोलत होती.

पण ए. एम. मध्ये एक उधळपट्टी आहे, आणि तिने त्याचा घात केला. १०० वॉटची वाहक लहर असेल तर पूर्ण आवाजाच्या वेळी बोलण्याच्या वाट्याला ५० वॉट येतात. तेही दोन बाजूंना २५-२५ असे विभागलेले, आणि दोन्ही बाजूंत तेच ते बोलणे! १०० वॉटची वाहक लहर स्वतः काहीच सांगत नाही. शिवाय दोन ए. एम. केंद्रे जवळ जवळ आली की त्यांच्या वाहक लहरींच्या टकरीतून कान किटवणारी शिट्टी निघते. अमेरिकन अभियंता जॉन कार्सन यांनी १९१५ सालीच यावर उपाय दाखवून ठेवला होता : वाहक लहर दाबून टाका, दोहोंपैकी एक बाजू कापून टाका, उरलेली एकच बाजू पाठवा. याला सिंगल साइडबँड म्हणतात. १९५० नंतर हौशींत ही पद्धत शिरली आणि भाऊबंदकीला तोंड फुटले. नवे लोक जुन्यांना जागा अडविणारे म्हणत. जुने लोक नव्यांच्या आवाजाला बदकाचे बोलणे म्हणत. कारण साध्या यंत्रावर सिंगल साइडबँडचे बोलणे खरोखरच बदकासारखे ऐकू येते, एक शब्द कळत नाही. १९६० चे दशक संपेपर्यंत बहुतेक पट्ट्यांवरून ए. एम. जवळ जवळ हद्दपार झाले.

माझे मत विचाराल तर हिशेब नव्यांच्या बाजूचा होता. अर्ध्याहून कमी जागेत आणि थोड्या शक्तीत काम होत असेल, तर अरुंद पट्टीत दुसरे काय करणार? पण एक गोष्ट गेली. ए. एम. कोणालाही ऐकू येत असे. घरच्या रेडिओवर ४१ मीटरच्या लगतच ४० मीटरची हौशी पट्टी होती. काटा किंचित सरकला की दोन अनोळखी माणसांचे बोलणे कानी पडे, आणि ऐकणाऱ्या पोराच्या मनात प्रश्न उभा राही की हे कोण आहेत, मला येता येईल काय? नवी पद्धत आली तसे ते दार लागले. आत जाण्यास आता आधीच वेगळे यंत्र हवे.

तरीही ए. एम. दहा मीटरवर टिकले. ४० किंवा २० मीटरच्या पट्टीपेक्षा येथे जागा कितीतरी अधिक, सतराशे किलोहर्ट्झ. त्यामुळे थोडी उधळपट्टी खपते. २९.० ते २९.२ मेगॅहर्ट्झ हा कोपरा अमेरिकेतील हौशींनी परस्पर संमतीने ए. एम. साठी राखला. १९७७ साली एक गमतीचा योग आला. अमेरिकेत मोटारवाल्यांसाठी २७ मेगॅहर्ट्झवर जनतेचा रेडिओ होता, तोही ए. एम. त्याची वाहिनीसंख्या त्या वर्षी २३ वरून ४० झाली आणि जुनी २३ वाहिन्यांची यंत्रे दुकानांत पडून राहिली. ती मातीमोल भावात उचलून, आतील स्फटिक बदलून, हौशींनी दहा मीटरवर आणली. १९७९-८० साली डागांचे शिखर होतेच! चार वॉटच्या त्या टाकाऊ यंत्रांनी महासागर ओलांडले.

आपल्या देशात मे १९४८ मध्ये महू येथील सिग्नल्स शाळेत हौशी रेडिओवाल्यांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. माजी पंतप्रधान राजीव गांधी परवानाधारक होते. जॉर्डनचे राजे हुसेन यांचा संकेत जे-वाय-१ असा होता, आणि हवेत ते स्वतःचे नाव नुसते 'हुसेन' एवढेच सांगत. पलीकडचा माणूस कोणीही असो, त्याच्याशी बरोबरीने बोलत. त्यांच्या मृत्यूनंतर, २०१८ साली, जॉर्डनच्या विद्यार्थ्यांनी केलेला छोटा उपग्रह त्याच संकेताच्या नावाने अवकाशात गेला. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादचे हौशी पथक योगायोगाने अंदमानातच होते. टेलिफोन बंद पडले असता बेटांवरील माणसांची खुशाली त्यांच्या यंत्रांनी मुख्य भूमीवर कळविली. त्या वेळी उपयोगी पडली ती २० मीटरची पट्टी. दहा मीटर लहरी स्वभावाची. संकटात तिच्यावर विसंबून चालत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पालक मंडळी येथे विचारतील, याचा गुणपत्रिकेशी काय संबंध? संबंध नाही. मात्र परवान्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते आणि तीत विद्युतशास्त्र, रेडिओचे तत्त्व व नियम विचारतात. परवान्याविना प्रेषण करणे गुन्हा आहे. तो खेळ कोणी करू नये. घरात एखादे पोर जुना रेडिओ उघडून बसले असेल, तर 'अभ्यास सोडून काय चालले आहे' असे एकदम म्हणण्यापूर्वी प्लग काढलेला आहे ना, एवढे आधी पाहावे. मिल हिल शाळेतील शिक्षकांनी त्या मुलाला खोलीची किल्ली दिली नसती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

सूर्याचे चालू चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर आले. त्या वर्षी मे महिन्यात लडाखमध्येही आकाशात लाल प्रभा दिसली. आता ते हळूहळू उतरेल, आणि पुढचे शिखर साधारण अकरा वर्षांच्या अंतराने येईल. आज पाचवीत असलेली मुले तोवर विशी ओलांडतील. पण उतरत्या काळातही ही पट्टी एकदम मरत नाही. २८ ते ३० मेगॅहर्ट्झ घेऊ शकणारे ग्राहकयंत्र मिळाले तर सोळा-सतरा फूट तार मधोमध तोडून, दोन सारख्या भागांत गच्चीवर ताणावी आणि नुसते ऐकावे. सकाळी पूर्वेकडची, जपान-ऑस्ट्रेलियाची केंद्रे येतात. दुपार कलल्यावर युरोप व आफ्रिका. २९ मेगॅहर्ट्झच्या पुढे काटा सावकाश फिरवला आणि नशीब असेल तर एखादा ए. एम. आवाज सापडतो, भरदार, जुन्या रेडिओसारखा. सूर्य मावळला की थोड्या वेळाने तो क्षीण होत जातो आणि खरखर उरते. त्या वेळी घड्याळ पाहून वहीत वेळ टिपून ठेवावी.